पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे : हस्तिदंत, हाड आणि आपली उजळवण्याची घाई

१/ ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सध्या जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. पुनर्विकासासाठी घर रिकामे करताना माळ्यावरची पेटी खाली येते आणि तिच्यात एखादी हस्तिदंती फणी, सारीपाटाच्या सोंगट्या किंवा कुंकवाचा करंडा निघतो. मग इतिहास शिकणाऱ्या ओळखीतल्या कुणाला तरी छायाचित्र धाडले जाते आणि सोबत एकच प्रश्न असतो : हे पुन्हा पांढरेशुभ्र कसे करावे? आजचा धागा या प्रश्नावर आहे. माझे उत्तर असे की, करू नये. का करू नये, हे सांगण्यासाठी मात्र बरेच मागे जावे लागेल.

२/ आरंभ कल्याणपासूनच करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी व्यापाराच्या मार्गदर्शक ग्रंथात कल्याण ‘कल्लिएना’ या नावाने येते. पूर्वी तेथे रीतसर व्यापार चाले, पुढे सत्तास्पर्धेमुळे तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, अशी त्यातील हकिगत आहे. याच ग्रंथात भडोचच्या निर्यातमालाच्या यादीत हस्तिदंत आहे, आणि पैठण व तगर म्हणजे आजचे तेर येथून माल भडोचला उतरत असे, हेही नोंदवलेले आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनाराची, लोहाराची नावे कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत आजही वाचता येतात.

३/ या व्यापाराचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेईत सापडला. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दासी असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मधला, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचलेली. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणण्याचा प्रघात पडला. ती लक्ष्मी की यक्षी, हा वाद वेगळा. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात मिळाल्या आहेत : एक तेरची, तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातील, दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातील, कमरेखालचा भागच उरलेली.

४/ मग पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असे म्हणून मोकळे व्हावे का? तसे होता येत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. घडण दख्खनकडे बोट दाखवते, अक्षर गांधाराकडे. एका अक्षराने हा वाद इतकी दशके जिवंत ठेवला आहे. ते अक्षर कोठे होते ते ध्यानात घ्या : तळाशी, कुणी पाहू नये अशा जागी. घरी आपण अशा वस्तू घासतो तेव्हा नेमका तळच सर्वांत निर्धास्तपणे घासतो.

५/ दुसरी साक्ष दहाव्या शतकातील. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला होता. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते आणि झंझ हा राजा होता. त्याच घराण्याच्या सत्तेखालील श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे. मसूदी लिहितो की पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत ओमानमार्गे भारताकडे व चीनकडे जातो, आणि भारतात त्याच्या खंजिरांच्या व तलवारींच्या मुठी होतात. पण त्याचा मोठा उपयोग बुद्धिबळाच्या आणि पटावरील खेळांच्या सोंगट्यांसाठी होतो. ज्या देशात हत्ती आहेत, त्या देशात हस्तिदंत बाहेरून येत होता, ही गोष्ट पुष्कळांना चकित करते. आफ्रिकी सुळा आकाराने मोठा. शिवाय जिवंत हत्तीची आपल्याकडील राजांना युद्धासाठी गरज. एकोणिसाव्या शतकात झांजिबारचा माल मुंबईत उतरत होता, तो याच जुन्या वाटेचा शेवटचा टप्पा.

६/ म्हणजे कल्याणच्या एखाद्या घरातील सोंगटी ही पणजोबांची आठवण तर आहेच, पण ती कदाचित आफ्रिकेतील एका हत्तीचा अवशेषही आहे. ‘कदाचित’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे, कारण ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत मात्र ओळखता येते, आणि कितपत ओळखता येते याचे एक उदाहरण फार बोलके आहे.

७/ पोर्तुगालहून भारताकडे निघालेले ‘बॉम जेझुस’ हे जहाज १५३३ मध्ये आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ बुडाले. २००८ मध्ये नामिबियात त्याचे अवशेष मिळाले. त्यात तांबे, सोन्याची नाणी आणि शंभराहून अधिक हस्तिदंती सुळे होते. २०२० मध्ये संशोधकांनी त्यांतील ४४ सुळ्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. ते पश्चिम आफ्रिकेतील वनहत्तींचे निघाले, आणि त्यांत निदान १७ मातृवंश ओळखता आले. त्यांपैकी केवळ चार आजच्या हत्तींत आढळतात. बाकीचे कळप कोठे गेले, हे जगातील कोणत्याही दप्तरात नोंदलेले नव्हते. ते या सुळ्यांत नोंदलेले होते.

८/ इतिहासाचे विद्यार्थी कागदाला दस्तऐवज म्हणतात, वस्तूला ‘नमुना’ म्हणतात. मला हा भेद मान्य नाही. हस्तिदंताच्या बाबतीत पदार्थ हाच दस्तऐवज आहे. त्याच्यावर लिंबू पिळणे आणि मोडी कागदावर पाणी ओतणे यांत तत्त्वतः फरक नाही.

९/ यावर एक आक्षेप हमखास येतो : “आमच्या घरी आजी दर दिवाळीला हे सगळे धुवायची. परंपराच आहे.” आहे खरी, आणि ती आजीपेक्षाही पुष्कळ जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तेथे शंख, शिंग, हाड आणि दात यांच्या वस्तू क्षौम वस्त्राप्रमाणे, म्हणजे पांढऱ्या मोहरीने, तसेच गोमूत्राने किंवा पाण्याने शुद्ध कराव्यात असे विधान आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत लाकूड, शिंग आणि हाड यांसाठी याहून कठोर उपाय आहे : तक्षण, म्हणजे वरचा थर तासून काढणे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात शुद्धीचा विषय विस्ताराने आला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

१०/ मला हे विधान अतिशय मोलाचे वाटते, पण कृती म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. हाडाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू घराघरांत इतक्या वापरात होत्या की त्यांच्या शुद्धीचा नियम सांगावा लागला, हे त्यातून कळते. सातवाहनकालीन स्थळांवर फासे, शलाका, फण्या मिळतात, त्याच्याशी हे जुळते. मात्र स्मृतिकारांपुढचा प्रश्न असा होता : विटाळलेली वस्तू पुन्हा वापरण्याजोगी केव्हा होते? त्या प्रश्नाला वरचा थर तासणे हे सुसंगत उत्तर आहे. आपला प्रश्न तो नाही. शुद्धी, स्वच्छता आणि जतन ही तीन वेगळी कामे आहेत, आणि मराठीत आपण तिन्हींना ‘साफ करणे’ म्हणतो. निम्मे नुकसान या एका क्रियापदाने केले आहे.

११/ आता पदार्थाकडे. हत्तीचा सुळा हा मुळात वाढलेला पुढचा दात. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज, उरलेला प्रामुख्याने कोलॅजन हे प्रथिन. दोन्ही एकमेकांत विणलेले. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतील आम्ल खनिज विरघळवते. कपडे उजळवण्याचे ब्लीच प्रथिन खाते. पहिल्याने पृष्ठभाग खडबडीत होतो, दुसऱ्याने खडूसारखा भुसभुशीत. राख, रांगोळी, टूथपेस्ट यांनी बारीक ओरखडे पडतात आणि कोरीव रेषांच्या कडा बोथट होतात. पितळेचे तांबे-पातेले चिंच-रांगोळीने घासणाऱ्या हाताला हे पटत नाही, कारण पितळ लगेच लखलखते. हस्तिदंतही पहिल्या दिवशी लखलखतो. ओरखड्यांत मळ बसतो आणि भेगा उघडतात त्या पुढे, कालांतराने.

१२/ साधे पाणीदेखील निरुपद्रवी नाही. हस्तिदंत ओल शोषून फुगतो आणि वाळताना आकसतो. तेही सर्व दिशांना सारखे नाही. त्यामुळे पातळ पत्रा वाकतो, जाड तुकडा थरांच्या रेषेत चिरतो. तेल चोळण्याचा सल्ला तर सर्रास दिला जातो. तेल आत मुरते, ते परत काढता येत नाही, धूळ धरते आणि काळे पडते. शिवाय पुढे कधी कार्बन-कालमापन करायचे ठरले, तर नमुन्यात खोबऱ्याच्या झाडाचा कार्बन आधीच मिसळलेला असतो!

१३/ आणि तो पिवळेपणा? अंधारात राहिलेला हस्तिदंत पिवळसर होत जातो, उजेडात राहिलेला फिकट राहतो. हाताचा घाम व तेल लागते तेथे तो तपकिरी, गुळगुळीत होतो. म्हणून एकाच वस्तूच्या दोन बाजूंच्या छटा भिन्न असतील, तर ती कशी ठेवली जात होती ते कळते. करंड्याच्या झाकणावर अंगठ्याएवढा गडद डाग असेल, तर तो कोणत्या बाजूने उघडला जात होता ते कळते. फणीच्या दातांच्या मुळाशी तेल आणि केसांतील मळ असतो. सोंगटीच्या तळाला पटावर सरकून आलेली झीज असते. त्या वस्तू वापरणाऱ्या बायकांची नावे बहुधा कोणत्याही वंशावळीत नाहीत. त्यांच्या बोटांची खूण एवढीच त्यांची नोंद, आणि आपण ती पेरॉक्साइडच्या कापसाने पुसायला निघालो आहोत.

१४/ पांढरेपणाचा हा सोस बराच अलीकडचा आहे, असे माझे मत आहे. प्राचीन व मध्ययुगीन हस्तिदंत पुष्कळदा रंगवलेला असे. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे १९३७ आणि १९३९ मध्ये भारतीय धाटणीचे हस्तिदंती व हाडाचे नक्षीपट सापडले. त्यांतील कित्येक यादवी युद्धाच्या काळात काबूलच्या संग्रहालयातून चोरीला गेले. त्यांपैकी २० तुकडे पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये संवर्धनासाठी आले, २०११ मध्ये प्रदर्शित झाले आणि २०१२ मध्ये काबूलला परत गेले. त्या वेळच्या तपासणीत लाल, निळ्या रंगांचे अंश मिळाले. ज्याला आपण शुभ्र समजत होतो ते रंगीबेरंगी आसनाचे भाग होते.

१५/ घराजवळचे उदाहरण गोव्याचे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथील हस्तिदंती मूर्ती पाहाव्यात. मेंढपाळरूपातील बाळ येशूच्या अशा मूर्तींवर केसांना सोनेरी मुलामा, ओठांना लाली असे. आज कुठे त्याचा मागमूस उरतो, कुठे तोही नाही, कारण पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी आणि उत्साही पुसण्याने तो गेला. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, हे विसरू नये. आपल्या परिसरातील जुन्या ख्रिस्ती घरांत अशी एखादी मूर्ती असेल, तर खाचांमधला ‘मळ’ खरवडण्यापूर्वी तो जुना रंग तर नाही ना, ही शंका घ्यावी.

१६/ मग काहीच करू नये काय? तसे मी म्हणत नाही. कधीकधी हस्तक्षेप हाच एकमेव उपाय असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयार्डने निमरूद येथून लंडनला आणलेले ॲसिरियन हस्तिदंत हात लावताच चुरा होत होते. त्यांतील सेंद्रिय अंश नष्ट झाला आहे हे ओळखून रिचर्ड ओवेन या प्राणिशास्त्रज्ञाने ते जिलेटिनच्या द्रावणात उकळण्याचा सल्ला दिला, आणि ते वाचले. पण जिलेटिन हेही प्राणिजच. मूळ दातात दुसऱ्या जनावराचा अंश कायमचा मिसळला गेला. वाचवण्याचीही किंमत असते. त्या प्रसंगी ती मोजणे योग्यच होते. आपल्या घरची धडधाकट फणी तेवढ्या संकटात नसते.

१७/ आधुनिक संवर्धकांचे पहिले साधन अगदी साधे आहे : मऊ केसांचा कुंचला. दुसरे ऐकून आमच्या आजीने कपाळाला हात लावला. घट्ट, रंग नसलेल्या पृष्ठभागावरचा मळ काढण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळांत कापसाच्या बोळ्यावर माणसाची लाळ वापरतात! तिच्यातील विकरे मळ सैल करतात आणि ओलावा अगदी थोडा असतो. गोमूत्राचा विधी सांगणाऱ्या स्मृतिकारांना हे उष्टे सोपस्कार पाहून काय वाटले असते, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही. हा प्रयोग घरी करू नये, हे सांगणे आलेच. पृष्ठभाग ‘घट्ट’ आहे की नाही हे ठरवायलाच शिक्षण लागते.

१८/ हाडाच्या वस्तूंची कथा याहून वाईट. हस्तिदंताला निदान प्रतिष्ठा आहे. ‘हे हस्तिदंत नसून हाड आहे’ असे कळताच पुष्कळ घरांत वस्तू बाहेर फेकली जाते, कधी किंमत नाही म्हणून, कधी अशुभ म्हणून. वास्तविक हाडावर काम करणारा कारागीर हस्तिदंतावर काम करणाऱ्याहून गरीब गिऱ्हाइकासाठी घडवत होता. श्रीमंतांच्या वस्तू संग्रहालयांत आहेतच. सामान्यांच्या वस्तू हव्या असतील तर त्या हाडातच शोधाव्या लागतील. सोंगट्यांचा एखादा हाडाचा संच कचऱ्यात जातो तेव्हा मला हस्तिदंती करंड्यापेक्षा अधिक वाईट वाटते.

१९/ ओळखावे कसे? भिंगाने. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. हाडावर सूक्ष्म काळे ठिपके वा रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. आणि रेघा फारच समांतर, शिस्तीत असतील तर बहुधा ते सेल्युलॉइड. हस्तिदंताला पर्याय म्हणूनच १८६९-७० च्या सुमारास अमेरिकेत ते बाजारात आणले गेले, आणि घरोघरीच्या कित्येक ‘हस्तिदंती’ फण्या प्रत्यक्षात त्याच्याच आहेत. तापलेली सुई टोचून पाहण्याची शिफारस सर्वत्र आढळते. ती टाळावी : खऱ्या वस्तूवर डाग पडू शकतो आणि सेल्युलॉइड भडकन पेटते.

२०/ ठेवणीबद्दल. आपल्या हवेत खरा शत्रू चढउतार. पावसाळ्यात खाडीकाठची हवा दमट, त्यात दिवसातून चार तास वातानुकूलन. हस्तिदंत रोज फुगतो आणि रोज आकसतो. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून नसलेले, आतले कपाट निवडावे. पोथीचे लाल फडके वापरू नये, दमट हवेत त्याचा रंग उतरतो. धुऊन खळ काढलेले कोरे मांजरपाट उत्तम. रबरबँड, वर्तमानपत्र, चिकटपट्टी यांतील काहीही नको. तुकडा निखळला तर झटपट चिकटणारा गोंद लावू नये. तुकडा लहान पुडीत, त्याच वस्तूसोबत, चिठ्ठी लिहून ठेवावा. संवर्धक जोडणीसाठी पॅरालॉइड बी-७२ सारखी राळ वापरतात, कारण ती पुढे कधीही ॲसिटोनने सोडवता येते.

२१/ खेळ अजून चालू असेल, तर सोंगट्या खेळाव्यात. कोरड्या मऊ कापडाने पुसून परत ठेवाव्यात. वापरातून होणारी झीज हा वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे. उजळवण्याने होणारी झीज नाही. हा भेद काहींना कृत्रिम वाटेल. मला तो संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

२२/ कायद्याचा मुद्दा टाळता येणार नाही, कारण ‘साफ करून विकू’ हा विचार या प्रश्नामागे अनेकदा असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद केला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी योग्य ठरवली. वस्तू पणजोबांची आहे म्हणून ती विकता येत नाही. घरात असलेल्या हस्तिदंतासाठी मालकी प्रमाणपत्राची तरतूद कायद्यात आहे. आपली स्थिती काय, हे वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी स्थायिक नातेवाइकांनाही सांगावे.

२३/ बंदीमुळे हस्तिदंताचे कोरीवकाम थांबले, म्हणजे ते जाणणारे हातही कमी होत गेले, ही हळहळ मी समजू शकतो. तरी बॉम जेझुसच्या त्या १७ मातृवंशांपैकी तेरा आज दिसत नाहीत, हे वाचल्यावर बंदीविरुद्ध बाजू मांडणे मला जमत नाही. नवी वस्तू घडणार नाही, हे एकदा मान्य केले की हाती असलेल्या प्रत्येक जुन्या वस्तूचे मोल वेगळ्या तराजूने करावे लागते.

२४/ तेव्हा पेटी उघडल्यावर पहिले काम धुण्याचे नाही, नोंदीचे. मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. तळाचे, आतल्या बाजूचे आणि भेगांचे जरूर. तिरपा प्रकाश टाकला तर पुसट खुणा उठून दिसतात. वस्तू कुणाची, कुठल्या गावाहून आली, कशासाठी वापरत, हे घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वस्तू खरोखर तुटत, चुरत किंवा बुरशीने माखत असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे. तेथील जाणकारांचा सल्ला मागावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकल जाते, पुढे थोडे चालणे. तळाशी एखादे अक्षर, आकडा वा कारागिराची खूण आढळली, तर त्या जागेला बोटही लावू नका.